डाव्या बाजूची बडबड

टपालकाका हल्ली सकाळी हप्त्याहप्त्याने उठायचे. आधी पाठ उठायची, मग गुडघे, मग उरलेला माणूस. मन मात्र बराच वेळ अंथरुणातच लोळत राहायचं आणि त्याला ओढून आणण्यात पहिला चहा संपायचा.

टपालखात्याची गाडी चालवण्यात सगळी नोकरी गेली, म्हणून त्यांना टपालकाका म्हणत. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोच्या कामात नाक खुपसण्यापेक्षा काहीतरी बरं करावं, या विचाराने त्यांनी माजी सैनिकांना दवाखान्यात नेणाऱ्या-आणणाऱ्या एका संस्थेत नाव दिलं. गाडी संस्थेची, पेट्रोल संस्थेचं, हातपाय आपले. सुरुवातीला चालवणारे बरेच होते. पुढे एकाची कंबर धरली, एक मुलाकडे राहायला गेला, एकाला बायकोने असा दम भरला की तो पुन्हा फिरकलाच नाही. कोणी गळलं की त्याच्या खेपा टपालकाकांच्या गळ्यात पडायच्या. नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि आता ती लावून घ्यायचं वय उरलं नव्हतं.

"आज तरी दुपारी जेवायला येणार का, की त्या फोनवालीने अजून कोणी दिलाय?" बायकोने विचारलं.

"येतो म्हणजे काय, येतोच."

"कालही हेच म्हणाला होतात."

काका किल्ली घेऊन निघाले आणि त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर सणकून आपटला.

"अहो, घर बांधलं तेव्हापासून चौकट तिथेच आहे," बायको म्हणाली. नेहमीसारखी हसत म्हणाली, पण नंतर जरा जास्तच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. काकांनी चपला घालण्यात बराच वेळ काढला.

डाव्या डोळ्याचं काहीतरी बिनसलं होतं, हे त्यांना कळून बरेच महिने झाले होते. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, गळत नव्हता. त्या बाजूचं जग फक्त कडेकडेने कमी होत चाललं होतं. पहिल्यांदा काकांनी चष्म्याला दोष दिला, मग थकव्याला, मग गाडीच्या काचेला. काच पुसून पुसून झिजायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पण चुकचुकली तर चुकचुकू दे म्हणून ते कामाला लागले. गाडी हळू चालवायची, वळणावर मान पुरती फिरवायची, अनोळखी रस्ता घ्यायचा नाही. गावभरच्या लोकांना डोळे दाखवायला नेणारा हा माणूस स्वतः डोळे दाखवायला जात नव्हता, कारण डॉक्टर काय म्हणणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. किल्ली द्या म्हणणार. आणि किल्ली दिली की पुढे काय? दिवसभर खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजायच्या? शिवाय त्या म्हाताऱ्यांना नेणार कोण? हे दुसरं कारण काका स्वतःला मोठ्याने सांगायचे आणि पहिलं मनातसुद्धा हळूच.

पहिला उतारू नेहमीसारखा फाटकाशी उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, ताठ मान. हा गृहस्थ सैन्यात मालाचे ट्रक चालवायचा. काकांनी त्याचं नाव रेडिओ ठेवलं होतं, अर्थात मनातल्या मनात, आणि मनातल्या नावाला अहो-जाहो कोण करतं? छातीचा आजार होऊन गेल्यावर त्याचं गाडी चालवणं बंद झालं होतं आणि श्वासाचे व्यायाम करायला त्याला रुग्णालयात यावं लागे. श्वास कमी पडतो म्हणतात, मग हा बाबा एवढा बोलतो कशाच्या जोरावर, हे काकांना न सुटलेलं कोडं होतं.

"शुभ सकाळ, टपालराव! मी पुढेच बसतो."

"बसा," काका म्हणाले. तो कधी मागे बसलाच नव्हता. एकदा एका गुडघ्यावाल्या माणसाला पाय लांब करायला पुढची जागा हवी होती, तर रेडिओने त्याच्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं. म्हातारपणी माणूस हट्टी होतो म्हणून काकांनी ते सोडून दिलं.

गाडी निघाली आणि रेडिओ लागला.

"तो दूधवाल्याचा टेम्पो बघा कसा तिरका लावलाय. अर्धा रस्ता खाल्लान. अरे वा, कुत्रं निघालंय फिरायला, मालकाला ओढत. आता ही गल्ली. हिच्या तोंडाशी नेहमी पोरं असतात बघा शाळेची... आज नाहीत. नाही, आहेत, दोघं आहेत, थांबलीत. चला. ती सायकलवाली बाई! काय पिवळाधमक डगला, लांबून दिसावा असा."

काकांनी "हं" म्हटलं आणि गाडी थोडी उजवीकडे घेतली. सायकलवाली मागे पडली. त्यांनी काही डगलाबिगला बघितला नव्हता.

पुढच्या कोपऱ्यावर सिस्टर चढल्या. त्या सैन्याच्या इस्पितळात परिचारिका होत्या. हयातभर दुसऱ्यांना सुया टोचल्या आणि आता मूत्रपिंडांनी दगा दिल्यावर स्वतः डायलिसिसच्या यंत्राला जोडून घ्यायला जात होत्या. त्या फार बोलत नसत. मागच्या सीटवर बसायचं, काठी मांडीवर आडवी ठेवायची आणि डोळे मिटायचे, की मग रुग्णालय येईपर्यंत उघडायचे नाहीत. काकांना त्यांचं हे फार आवडायचं. उतारू असावा तर असा.

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी गाडी बाजूला घेतली. संस्थेच्या कचेरीत फोनवर बसणारी बाई होती.

"काका, दुपारी अजून एक आहेत. हाडांच्या डॉक्टरांकडे. जरा लांबचे आहेत, पण दुसरं कोणीच नाहीये हो."

"द्या," काका म्हणाले. दुपारचं जेवण गेलं. बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि तिच्या आधी स्वतःचं अंथरूण आलं. डोकं सकाळपासून ठणकत होतं. पुन्हा गाडी सुरू करताना त्यांच्या तोंडून असा सुस्कारा निघाला की मागून सिस्टरनी एक डोळा उघडून बघितलं.

"तिकडे खड्डा खणून ठेवलाय," रेडिओ पुन्हा सुरू झाला. "दोरीसुद्धा बांधली नाही मेल्यांनी. आणि हे महाराज, दार उघडून उतरतायत थेट रस्त्यात, यांच्या तीर्थरूपांचा रस्ता! आता पुढे थांबा येईल बसचा, तिथे गर्दी..."

"अहो, जरा तोंडाला कुलूप लावाल का?"

काकांचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. पण निघाला तो निघाला.

"रोज रोज तेच! टेम्पो, कुत्रं, खड्डा! मला दिसत नाही का? कान किटले माझे ऐकून ऐकून. एक दिवस, फक्त एक दिवस मला शांतपणे गाडी चालवू द्या."

रेडिओ तोंडात मारल्यासारखा गप्प झाला. रागावला असता तर काकांना बरं वाटलं असतं. पण तो रागावलेला दिसेना. त्याने दारावरची मूठ घट्ट धरली आणि पुढे वाकून बसला, परीक्षेच्या खोलीत पोरं बसतात तसा. एकदोनदा त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. मागे सिस्टर ताठ बसल्या होत्या. त्यांचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते, पण ते काकांना आरशात दिसलं नाही, कारण काका त्या वेळी शांततेचा आनंद घेत होते.

केवढी शांतता! इंजिनाचा आवाजसुद्धा गोड वाटत होता. काकांचे खांदे खाली आले. बसचा थांबा गेला, औषधांची दुकानं गेली, रुग्णालयाची करडी भिंत दिसू लागली. आता एक डावं वळण, की फाटक. काकांनी मान फिरवली. फिरवली म्हणजे थोडी फिरवली, कारण मानही थकलेली होती आणि वळण रोजचंच होतं.

"थांबा!" सिस्टर किंचाळल्या. त्याच क्षणी रेडिओचा हात आडवा आला आणि त्याने हँडब्रेक पुरता वर ओढला.

गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. समोर, अगदी पुढच्या दिव्याला चिकटून, एक बाई उभी होती. तिचा एक हात बॉनेटवर टेकलेला होता, जणू गाडी तिनेच हाताने थांबवली. दुसऱ्या हातातला एक्स-रेचा मोठा लिफाफा खाली पडला होता आणि चाक त्याच्यावर चढून थांबलं होतं.

ही बाई आली कुठून? रस्ता मोकळा होता. त्यांनी बघितलं होतं, मोकळा होता.

ती ओरडली नाही. रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या अंगात ओरडण्याइतकं काही शिल्लक नसतं. तिने वाकून लिफाफा ओढला, तो निघेना. काकांनी गाडी पुन्हा सुरू करून इंचभर मागे घेतली. तिने लिफाफा उचलला, झटकला आणि काचेतून त्यांच्याकडे बघून दमलेल्या आवाजात विचारलं, "दिसत नाही का हो तुम्हाला?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. ती गेली तरी काका तिच्याकडे बघत होते. मग मागच्या गाडीने भोंगा वाजवला, म्हणून त्यांनी चालण्याच्या गतीने गाडी आत नेऊन पहिल्या मोकळ्या जागेत लावली.

सिस्टरनी काठी टेकवून दार उघडलं, पण त्या उतरल्या नाहीत.

"मला यंत्राची वेळ मिळालीय, मी थांबू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. मी मागे डोळे मिटून बसते ते झोप येते म्हणून नाही. बघवत नाही म्हणून."

"सिस्टर..." रेडिओ म्हणाला.

"नाही, आता बोलू द्या. जन्मभर आजारी माणसं बघितली मी, आणि समोर बसलेल्या माणसाला डाव्या डोळ्याने दिसत नाही हे बघून मूग गिळून बसले. का, तर हे मला म्हणाले, मी सांभाळतो, तुम्ही बोलू नका. आणि टपालकाका, यांचे श्वासाचे व्यायाम केव्हाच संपले. पावसाळ्याच्या आधीच. यांना इथे कोणी बोलावत नाही. तुम्ही आम्हाला सोडून पुढे गेलात की हे खालच्या बाकावर बसून राहतात, माझं आटपेपर्यंत." त्या कशाबशा उतरल्या. "वर डोळ्यांचा विभाग आहे. आज जाऊन या," असं म्हणून काठी टेकत गेल्या.

काका स्टिअरिंग धरून बसून राहिले. गाडी बंद होती तरी त्यांनी ते सोडलं नव्हतं.

"खरं आहे?"

"आता त्या म्हणतायत तर..." रेडिओ खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"बाकावर बसून राहता? सगळी सकाळ?"

"बाक बरा आहे हो. वारा येतो."

"आणि ते बोलणं? टेम्पो, कुत्रं?"

रेडिओने इस्त्रीच्या शर्टाची घडी उगाच सारखी केली. "आमच्यात तसंच असतं, टपालराव. आमच्या ट्रकांचा ताफा निघाला की दिवस दिवस चालायचा. चालवणाऱ्याचे डोळे गेले, म्हणजे मिटायला लागले, की बाजूच्याने बोलत राहायचं. जे दिसेल ते बोलायचं. त्याला 'तुला झोप येतेय' असं म्हणायचं नाही, त्याची इभ्रत जाते. आणि वरती कळवायचं तर नाहीच. वरती कळवलं की त्याला ट्रकवरून उतरवणार, मग तो माणूस संपला. त्यापेक्षा आपण बोलायचं. तुम्ही त्या दिवशी माझ्याच फाटकाचा खांब घासलात ना, आणि उतरून काच पुसायला लागलात, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग मी फोनवालीला म्हटलं, माझे व्यायाम चालू ठेवा. ती कशाला विचारतेय."

काकांना आधी संताप आला. यांनी सांगितलं का नाही? ती बाई आत्ता चाकाखाली गेली असती, मग कुठे गेली असती कोणाची इभ्रत? ट्रकमध्ये भरलेला असतो माल, आणि इथे भरतो आपण माणसं, एवढं कळू नये? पण हे सगळं त्यांनी म्हटलं नाही, कारण पुढचा प्रश्न त्यांना दिसत होता. रेडिओला बाजूने दिसलं होतं. त्यांना स्वतःला तर आतून ठाऊक होतं. दोघांनी मिळून एकच चूक केली होती, आणि त्यातला मोठा वाटा रेडिओचा नव्हता.

आणि मग त्यांना शरम वाटली. हा माणूस पहाटे उठून शर्टाला इस्त्री करत होता. बोलावणं नसताना, आजार नसताना, डोळ्यांत तेल घालून आपली डावी बाजू राखत होता आणि वर आपलेच सुस्कारे ऐकत होता. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्यासाठी इतकं कोणी केलं नव्हतं, आणि त्यांनी त्याला तोंडाला कुलूप लावायला सांगितलं होतं.

"ऐका," रेडिओ हळूच म्हणाला. "सिस्टरांचं मनावर घेऊ नका. त्यांचं आटपलं की हळूहळू परत जाऊ. मी बोलत राहीन. तुम्ही फक्त मला गप्प करू नका. आजवर काही झालं का? आज मी गप्प बसलो म्हणून झालं. माझीच चूक."

काकांच्या मनाने त्या बोलण्यावर झडप घातली. खरंच की. बडबड असताना एकदाही काही झालं नव्हतं. अजून वर्षभर सहज निघालं असतं. तोपर्यंत संस्थेला कोणी नवा मिळाला असता. दुपारच्या त्या हाडवाल्या माणसाला काय सांगायचं? बायकोला काय सांगायचं? त्यांनी किल्लीला हात लावला.

मग त्यांनी अनेक महिने टाळलेली गोष्ट केली. उजव्या हाताने उजवा डोळा झाकला आणि समोर बघितलं. समोर भिंतीचा एक गोल, करडा, मळकट तुकडा होता. बाकी काही नव्हतं. गाडीची डावी काच नव्हती, दार नव्हतं. बाजूच्या सीटवरून रेडिओचा श्वास ऐकू येत होता, साबणाचा वास येत होता, आणि रेडिओ नव्हता.

त्यांनी हात खाली घेतला. रेडिओ परत आला. तो त्यांच्याकडेच बघत होता आणि त्याला सगळं कळलं होतं.

"तुम्ही किती दिवस बोलणार?" काका म्हणाले. "श्वास पुरेल का?"

काकांनी किल्ली काढली, त्याच्या हातावर ठेवली आणि फोन लावला.

"हां काका, बोला," फोनवाली म्हणाली. "पोचले का दोघं?"

"पोचले. एक गाडी पाठवावी लागेल इथे. जमेल तेव्हा. परत न्यायचंय."

"का? गाडी बिघडली?"

"गाडी चांगली आहे."

"मग कोणासाठी हवीय? कोणाला बरं वाटत नाहीये का? पेशंट कोण आहे?"

"मी."

ती हसली. "काका, चेष्टा नको हो. आधीच माझ्या नाकी नऊ आलेत. दुपारचे ते हाडवाले दोनदा विचारून झाले."

"मला डाव्या डोळ्याने दिसत नाही," काका म्हणाले. एवढंच वाक्य, पण म्हणून झाल्यावर त्यांना दम लागला. "बरेच महिने. मी लपवलं. आज एक बाई गाडीखाली येता येता वाचली. आता मी गाडीला हात लावणार नाही. दुपारी नाही, उद्या नाही, कधीच नाही. तुमची अडचण होणार, मला कळतंय. पण नाही."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज झाला आणि ती बोलू लागली. तिचा आवाज जरा भरून आला होता, पण बोलली ती रोजचंच, दवाखान्यात जाणाऱ्या प्रत्येकाला विचारते तेच.

"चालता येतं ना तुम्हाला?"

"येतं."

"डॉक्टरांकडे आत्ता जाताय?"

"जातो."

"सोबत कोणी आहे का?"

रेडिओ केव्हाच उतरून गाडीच्या पुढून वळून आला होता आणि काकांच्या बाजूचं दार उघडून उभा होता.

"पायरी आहे," तो म्हणाला, "डावीकडे."

"आहे," काकांनी फोनवर सांगितलं.